सगळ्यांचाच रेस्पिरेशन २० कसा? (श्वास मोजणं आणि छाती ऐकणं)

नाईट ड्युटी

नमस्कार मंडळी. मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे.

आमच्याकडचा कुठलाही टीपीआर चार्ट (टेम्परेचर, पल्स आणि रेस्पिरेशन म्हणजे मिनिटाला किती श्वास याची नोंद) उघडा. टेम्परेचर वरखाली होतं, पल्स वरखाली होते, बीपीही होतं. रेस्पिरेशनच्या रकान्यात मात्र २०, २०, १८, २०. डेंग्यूच्या पोराला २० आणि रात्रभर उशीला टेकून बसलेल्या दम्याच्या आजोबांनाही २०. रकाना रिकामा दिसू नये म्हणून भरलेला असतो, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक आणि राउंडला वाचणाऱ्यालाही.

दुसरं, छाती ऐकणं. आम्हाला स्टेथो मिळाला तो बीपीपुरता. मॅनिकिनवर (शिकण्याच्या पुतळ्यावर) आवाज ऐकवले होते, पण मॅनिकिनच्या डोक्यावर पंखा नसतो, शेजारच्या बेडवर नेब्युलायझर चालू नसतो आणि त्याला नातेवाईकही नसतात. केसपेपरवर डॉक्टर ‘एईबीई, नो क्रेप्ट्स’ (दोन्हीकडे हवा सारखी जाते, जादा तुटक आवाज नाहीत) लिहून जातात. मी ऐकते तेव्हा खाली पाठीकडे काहीतरी वाजतं. ते क्रेप्ट्स की रॉन्काय (घोरल्यासारखा लांब आवाज), की माझाच स्टेथो घासतोय?

तर तुम्ही मंडळी हे कसं करता? आणि नर्सिंग नोट्समध्ये लिहिता काय? अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.

वसईचा ब्रदर

पहिला आलो. मोजत कोणीच नाही, बरोबर. पण सिस्टर, एका नर्समागे तीस-चाळीस पेशंट असताना प्रत्येकाचं पूर्ण मिनिट मोजायचं म्हणजे नुसत्या श्वासातच अर्धा-पाऊण तास गेला. मग अँटिबायोटिक कोण देणार, सलाईन कोण बदलणार? आणि छाती ऐकून तरी काय? आपण सांगितलेलं कोण मनावर घेतं?

जुनी इनचार्ज

ब्रदर, गणित बरोबर आहे, म्हणून निवड करायची. जो पेशंट दुपारी जेवून शेजारच्याशी राजकारणावर भांडतोय त्याचा श्वास दारातूनही कळतो. पूर्ण मिनिट द्यायचं ते नवीन ॲडमिशनला, ऑक्सिजनवरच्याला, ऑपरेशन होऊन आलेल्याला, ताप चढलेल्याला आणि ‘आज जरा बरं वाटत नाही’ म्हणणाऱ्याला. चाळीसातले असे सात-आठ निघतात. त्यांच्यासाठी आठ मिनिटं निघत नसतील तर मग बोलणंच खुंटलं.

आता पद्धत. ‘काका, श्वास मोजते हं’ असं कधी म्हणायचं नाही. म्हटलं की माणूस श्वासाकडे लक्ष देतो आणि तो बदलतो. पल्ससाठी मनगट धरायचं, पल्स मोजून झाली तरी हात सोडायचा नाही, नजर छातीवर किंवा पोटावर न्यायची. चादर गळ्यापर्यंत ओढलेली असेल तर पेशंटचाच हात त्याच्या छातीवर आडवा ठेवायचा आणि तुम्ही मनगट धरायचं, हात वरखाली होताना दिसतो. आत-बाहेर मिळून एक. पूर्ण साठ सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर एक श्वास चुकला की उत्तर चारनं चुकतं. शिवाय लय कळत नाही ती वेगळीच. चेन-स्टोक्स नावाच्या बिघडलेल्या लयीत श्वास वाढत वाढत जातो, मग कमी होतो, मग काही सेकंद थांबतोच. त्या थांबण्यात तुमची पंधरा सेकंदं सापडली तर काय लिहाल?

मोठ्या माणसाला विश्रांतीत १२ ते २० नॉर्मल. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ साली न्यूज स्कोअर (पेशंट ढासळतोय का ते आधीच ओळखायची गुणपद्धत) काढला आणि २०१७ मध्ये सुधारला. त्यात २१ ते २४ ला दोन गुण, २५ आणि त्यावर तीन. खालच्या बाजूला ९ ते ११ ला एक, ८ किंवा कमीला तीन. एकट्या रेस्पिरेशनवर तीन गुण आले तरी डॉक्टरला तातडीनं बोलवा असं तो सांगतो, बाकी सगळं ठीक असलं तरी. आपला खोटा २० तिथे शून्य गुण घेतो. म्हणजे पेशंट ढासळतोय ते सगळ्यात आधी दाखवणारा आकडाच आपण बंद करून ठेवलेला असतो.

गिरगावकर

मी नर्सिंगमधला नाही, पण वाचतोय. हल्ली बोटाला ऑक्सिमीटर लावतात ना? मग मोजायचं कशाला?

छातीठोक

चेस्ट मेडिसिनमध्ये रेसिडेंट आहे, म्हणून हे आयडी.

गिरगावकर, चांगला प्रश्न. ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन सांगतो, तो टिकवायला माणूस किती मरमर करतोय ते सांगत नाही. न्यूमोनियाचा तरणा पेशंट मिनिटाला ३२ श्वास घेऊन ९६ टक्के टिकवून धरतो. यंत्राकडे बघाल तर सगळं झकास. तो दमला की ९६ चे ८४ व्हायला वेळ लागत नाही.

उलटी बाजूही आहे. ऑपरेशननंतर मॉर्फिन दिलेला पेशंट, नाकात ऑक्सिजन चालू, ऑक्सिमीटरवर ९७. श्वास मात्र मिनिटाला आठ, आणि हाक मारली तर डोळे जेमतेम उघडतो. आत कार्बन डायऑक्साइड साठतोय आणि बोटाला लावलेलं यंत्र हिरवंगार. हे फक्त मोजणाऱ्यालाच कळतं. शिवाय नेलपॉलिश, गार पडलेले हात, पडलेलं बीपी, यांनी आकडा फसवा येतो.

पावसाळ्यातला आणखी एक प्रकार मुंबईच्या मेडिसिन वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावा. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर त्याची मोठी साथ आली होती, आणि अजूनही पाणी तुंबलं की काही दिवसांनी केसेस सुरू होतात. ताप, पिंडऱ्यांचं दुखणं, डोळे लाल. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर निभावतं. काहींच्या फुफ्फुसात रक्तस्राव होतो, आणि कफातून रक्त दिसायच्या आधी श्वासाचा वेग वाढलेला असू शकतो. सकाळी १८, दुपारी २४, संध्याकाळी ३० हा चढ चार्टवर दिसला तर आम्ही एक्स-रेसाठी धावतो. तिन्ही ठिकाणी २० असेल तर आम्ही लिव्हर-किडनीच बघत बसतो.

वसईचा ब्रदर

मॉर्फिनचा मुद्दा पटला. पण माझा दुसरा प्रश्न तसाच आहे. फोन केला की ‘मी बघतो’ म्हणून ठेवून देतात.

छातीठोक

ब्रदर, राग मानू नका, पण फोनवर येतं काय ते सांगतो. ‘सर, बेड चौदाला थोडा त्रास होतोय, बघून जा ना.’ रात्री दोन वाजता तीन वॉर्डांतून असे फोन येतात. आधी कुठे पळू?

आता हे ऐका : ‘सर, बेड चौदा, बासष्ट वर्षांचे काका, कालपासून न्यूमोनिया म्हणून ॲडमिट. दहाला आरआर (रेस्पिरेटरी रेट, मिनिटाचे श्वास) २२ होता, आता ३०. दोन लिटर ऑक्सिजनवर ९१. उजवीकडे मागे तळाला क्रेप्ट्स आहेत, संध्याकाळी नव्हत्या. वाक्य पूर्ण करता येत नाहीये. मी सरळ बसवलंय. लगेच या.’ यावर ‘मी बघतो’ म्हणणारा डॉक्टर असेल तर त्याच्या वरच्याला फोन करा, आणि दोन्ही फोनच्या वेळा नोट्समध्ये टाका.

जुनी इनचार्ज

वेळा टाकायचं खरं. त्याचा परिणाम पुढच्या फोनला दिसतो. :)

फिजिओताई

मूळ प्रश्न आवाजांचा होता, मी त्यावर लिहिते. आमचं निम्मं काम छाती ऐकून ठरतं.

स्टेथो कानात घालायच्या आधी पायाशी उभं राहून अर्धं मिनिट नुसतं बघा. पेशंट हात गुडघ्यावर रोवून पुढे झुकून बसलाय का? मानेचे स्नायू ताणले जातायत का? गळ्याखालचा खड्डा, बरगड्यांमधली जागा आत ओढली जातेय का? दोन्ही बाजू सारख्या फुगतायत का? नाव, गाव विचारा. उत्तर एका दमात आलं की तुकड्यातुकड्यानं, हेही असेसमेंटच. जीभ बघा. नुसती बोटं निळसर असतील तर थंडीनंही होतं, जीभ निळी असेल तर पळा.

ऐकताना :
पेशंट बसलेला हवा, बसता येत नसेल तर कुशीवर वळवायला मावशींना हाक मारा. पालथ्या-उताण्याच्या भानगडीत पाठ ऐकायचीच राहून जाते, आणि फुफ्फुसाचे खालचे लोब (भाग) जवळजवळ सगळे पाठीकडेच असतात. कपड्यावरून ऐकू नका. गाउनची सळसळ हुबेहूब क्रेप्ट्सचं सोंग घेते. छातीवर केस दाट असतील तर डायफ्राम (स्टेथोची चकती) घट्ट दाबा किंवा केस ओले करा. नळी बेडच्या रेलिंगला लागू देऊ नका. दोन मिनिटं पंखा बंद केला तर कोणी मरत नाही.

तोंड उघडं ठेवून नेहमीपेक्षा जरा खोल श्वास घ्यायला सांगा. वरून सुरुवात, गळ्याच्या हाडाच्या वरपासून. डावीकडे एक जागा, लगेच उजवीकडे तीच जागा. आख्खी डावी बाजू संपवून उजवीकडे जाऊ नका, तोवर डावीचा आवाज विसरलेला असतो. प्रत्येक जागी एक पूर्ण श्वास, आत आणि बाहेर. मध्ये मध्ये थांबा, सलग खोल श्वासांनी चक्कर येते. पाठीवर खवाट्याच्या हाडावर ठेवून काही उपयोग नाही, दोन खवाट्यांच्या मध्ये आणि खाली ऐका. उजवा मधला लोब मात्र पाठीकडून सापडतच नाही. तो पुढून, उजव्या छातीच्या खालच्या भागात आणि काखेच्या बाजूला. बायकांमध्ये संकोचापोटी हीच जागा सुटते. पडदा ओढा, सांगा, आणि ऐका.

आवाज थोडक्यात :

बारीक क्रेप्ट्स (पुस्तकात क्रॅकल्स) : श्वास आत घेताना, शेवटी शेवटी. स्वतःच्या कानाजवळचे केस चिमटीत धरून चोळा, तसा. खोकल्यानं जात नाहीत. हार्ट फेल्युअरमध्ये दोन्ही तळांना, न्यूमोनियात बहुधा एका जागी.

जाड क्रेप्ट्स : बुडबुड्यांसारखे, कफाचे. खोकून घ्यायला सांगा आणि परत ऐका. बदलले किंवा गेले तर कफ होता. ‘खोकल्याआधी’ आणि ‘खोकल्यानंतर’ दोन्ही लिहा, माझं पुढचं काम तिथेच ठरतं.

व्हीझ : शिट्टी, बहुतेक श्वास सोडताना. रॉन्काय : तशीच लांब पण घोरल्यासारखी जाड, मोठ्या नळ्यांतली.

स्ट्रायडर : हा ऐकायला स्टेथो लागतच नाही. श्वास आत घेताना गळ्यातून येणारी कर्कश ओढ. श्वासाची ट्यूब काढल्यानंतर, थायरॉइडच्या ऑपरेशननंतर किंवा मुलाच्या घशात काही अडकल्यावर. हे ऐकू आलं की नोट्स नंतर, आधी माणसं बोलवा.

प्ल्युरल रब (फुफ्फुसाच्या आवरणाचं घासणं) : कोरडी करकर, आत आणि बाहेर दोन्हीकडे, पेशंट तिथेच बोट ठेवून दुखतं म्हणतो. श्वास रोखायला सांगितला की थांबते. तरीही चालू राहिली तर ती हृदयाच्या आवरणाची.

यादी पाठ झाली नाही तरी एक गोष्ट सोडू नका : हवा जातेय का, आणि दोन्हीकडे सारखी जातेय का. जादा आवाज ओळखण्यात घोटाळा झाला तर बहुतेक वेळा निभावतं, हवा न जाणं निसटलं तर निभावत नाही.

शिवडीकर

फिजिओताईंचा शेवटचा परिच्छेद सोन्याचा. आवाज नसणं हीच मोठी बातमी असते. सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेतली नळी) टाकल्यावर तासाभरात पेशंट धापा टाकू लागला आणि एका बाजूला हवाच जात नाही, तर न्युमोथोरॅक्सचा (फुफ्फुसाबाहेर हवा साठण्याचा) विचार आधी करायचा. एकीकडे तळाला आवाज मंद आणि तो मंदपणा हळूहळू वर सरकतोय, तर फुफ्फुसाभोवती पाणी.

माझं बरंच काम टीबीच्या पेशंटांमध्ये झालं. तिथला उलटा धडा म्हणजे छाती जवळजवळ क्लिअर आणि एक्स-रेवर मोठी कॅव्हिटी (फुफ्फुसातली पोकळी). त्यामुळे ‘चेस्ट क्लिअर’ म्हणजे ‘टीबी नाही’ असं होत नाही. वरच्या टोकांना, म्हणजे गळ्याच्या हाडाच्या वर आणि खाली, हलकं खोकायला लावून लगेच पुढच्या श्वासाला ऐकायचं. तेव्हाच काही क्रेप्ट्स सापडतात. तोंड दुसरीकडे वळवायला सांगायचं, आपला एन-९५ घट्ट बसलाय ना बघायचं आणि डायफ्राम स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा. या स्टेथोचा बाप फ्रेंच डॉक्टर लेनेक. १८१६ साली पॅरिसमध्ये त्यानं कागदाची सुरळी करून ऐकलं, आणि १८२६ मध्ये गेला तो क्षयानंच. पुसा म्हणतो ते उगाच नाही.

सायन सर्कल

लहान मुलांचं कोणी लिहिलं नाही म्हणून येते. पिडियाट्रिकमध्ये आहे.

मोठ्यांचे आकडे इथे चालत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचे जलद श्वासाचे आकडे : दोन महिन्यांच्या आतलं बाळ ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त. हेच आपल्या आशाताईही वापरतात. बाळ शांत असताना, आईच्या मांडीवर, झबलं वर करून, पूर्ण मिनिट. तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो, मध्येच काही सेकंद थांबतो, त्यामुळे अर्ध्या मिनिटाला काही अर्थ नाही. रडत असेल तर मोजलेलं फेकून द्या.

क्रम महत्त्वाचा. आधी बघा आणि मोजा, मग ऐका, कान-घसा-टेम्परेचर सगळ्यात शेवटी. थर्मामीटर आधी लावला की भोकाड, आणि मग तुमचं फुफ्फुस गेलं. नाकपुड्या फुलणं, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत जाणं, आणि श्वास सोडताना कण्हल्यासारखा ‘हं हं’. हा कण्हण्याचा आवाज ऐकून आजी म्हणते ‘झोपेत कुंथतोय’, आणि आम्ही ऑक्सिजन जोडतो. नाक गच्च असलं की वरचाच खरखराट आख्ख्या छातीत ऐकू येतो. नाकाजवळ स्टेथो धरून बघा, तोच आवाज मोठ्यानं आला तर छातीचा नाही.

नाईट ड्युटी

बापरे, किती सुंदर लिहिताय सगळे. फिजिओताई, केस चोळून बघितले, आवाज बरोब्बर लक्षात राहतो.

दम्याबद्दल विचारायचंय. नेबच्या (नेब्युलायझरच्या) आधी भरपूर व्हीझ, नेबनंतर काही नाही. म्हणजे बरं वाटलं असंच ना?

छातीठोक

नेहमी नाही, आणि इथे घात होतो. व्हीझ वाजायला हवा फिरावी लागते. नळ्या इतक्या आवळल्या की हवाच फिरेना, तर छाती शांत होते. सायलेंट चेस्ट. तो माणूस बरा नाही, मरणाच्या दारात आहे. दोन्हीतला फरक पेशंटकडे बघून कळतो. बरा झालेला आडवा होतो, पाणी मागतो, पूर्ण वाक्य बोलतो, रेट उतरतो. दुसरा घामानं भिजलेला, एकेक शब्द बोलणारा, किंवा बोलायचंच सोडून पेंगणारा. त्याचा रेट ३४ वरून १६ वर आला तर खूश होऊ नका, तो थकलाय. म्हणून नेबच्या आधी आणि नंतर फक्त ‘व्हीझ कमी’ लिहू नका, ‘एअर एन्ट्री वाढली’ की ‘कमी झाली’ ते लिहा. उलट बंद असलेली छाती नेबनंतर वाजायला लागली तर ते बऱ्याचदा चांगलं लक्षण असतं.

गिरगावकर

सर, विषयाला धरूनच आहे म्हणून विचारतो. वडिलांना सीओपीडी (फुफ्फुसाचा जुनाट दमेकरी आजार) आहे, चाळीतल्या खोलीत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे. ऑक्सिमीटर ९० दाखवतो. आई घाबरून नॉब वाढवते. बरोबर आहे का?

छातीठोक

नाही. अशा पेशंटांना साधारण ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठेवतात, ९८ नाही. ऑक्सिजन जास्त झाला तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड चढतो आणि माणूस गुंगीत जातो. डॉक्टरांनी जेवढे लिटर लिहून दिलेत तेवढेच, बदल त्यांना विचारून. आईंना नॉबऐवजी घड्याळ द्या. रोज सकाळी, चहाच्या आधी, बाबा शांत बसलेले असताना श्वास मोजून कॅलेंडरवर लिहायचा. त्यांचा नेहमीचा आकडा किती ते कळलं की चढलेला लगेच कळतो. नेहमीपेक्षा बराच चढला, बोलणं तुटायला लागलं, ओठ-जीभ निळी, किंवा दिवसा विनाकारण गुंगी आली तर वाट बघू नका, १०८ लावा. आणि कॉन्सन्ट्रेटर चालू असताना त्या खोलीत उदबत्ती, निरांजन, विडी काही नको.

गिरगावकर

निरांजनाचं आईला समजावणं नॉबपेक्षा अवघड आहे. पण धन्यवाद सर.

जुनी इनचार्ज

नोट्सचं राहिलं. नर्सनं रोगाचं नाव लिहायचं नाही, जे दिसलं-ऐकलं ते लिहायचं. ‘न्यूमोनिया वाटतो’ नको. असं लिहा : ‘रात्री २.१०. आरआर २८, उथळ, नियमित. मानेचे स्नायू वापरतो. ऑक्सिजन २ लिटर, सॅच्युरेशन ९२. उजव्या तळाला मागे बारीक क्रेप्ट्स, खोकल्यानंतर तशाच. डाव्या तळाला हवा नीट. हाय फाउलर (पाठ जवळजवळ ताठ करून बसवणं) दिली. २.१५ ला डॉक्टरांना कळवलं.’ क्रेप्ट्स की रॉन्काय यात अडलात तर ‘श्वास आत घेताना तुटक आवाज’ किंवा ‘सोडताना लांब आवाज’ असं लिहिलं तरी चालतं, वाचणाऱ्याला कळतं. मात्र जागा, बाजू आणि वेळ चुकवू नका.

रोज एक करा. डॉक्टरांनी केसपेपरवर क्रेप्ट्स लिहिलेला पेशंट ड्युटी संपताना जाऊन ऐका. आणि रोज एखादी निरोगी छातीही ऐका, ड्युटीवरच्या मावशींची का असेना. नॉर्मल कानात बसलं नाही तर बाकीचं काहीच बसत नाही.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नव्या सेमिस्टर अभ्यासक्रमात नर्सिंग फाउंडेशन-२ मध्येच हेल्थ असेसमेंटचं मॉड्यूल आहे. म्हणजे ‘हे आमचं काम नाही’ म्हणायची सोय आता राहिलेली नाही, ब्रदर.

वसईचा ब्रदर

मान्य, मान्य. काल तीन पेशंटचं पूर्ण मिनिट मोजलं. एक २६ निघाला, चार्टवर अर्थातच २० होता. डॉक्टर आले. कारण तापच निघाला, पण आले.

नाईट ड्युटी

ब्रदर, भारी!

शेवटचा प्रश्न, मग धागा वर काढणार नाही. पुढच्या आठवड्यापासून आयसीयूला पोस्टिंग आहे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला सगळीकडेच गुरगुर ऐकू येते असं मैत्रीण म्हणते. मग खरं काय ते ओळखायचं कसं?

फिजिओताई

आधी सर्किट बघा. नळीत पाणी साठलं की ते प्रत्येक श्वासाला खळखळतं आणि आख्ख्या छातीभर ऐकू येतं. ते वॉटर ट्रॅपमध्ये काढा. पेशंटकडे किंवा ह्युमिडिफायरकडे उलटं जाऊ देऊ नका. मग परत ऐका. तरीही मोठी गुरगुर असेल आणि हात ठेवल्यावर छातीला थरथर लागत असेल, तर कफ. सक्शन करा (कफ नळीनं ओढून काढा) आणि पुन्हा ऐका.

आणि ड्युटी घेताना ट्यूबवरचा ओठाजवळचा आकडा वाचा. काल २२ होता आणि आज २५ दिसतोय, डावीकडे हवा कमी, तर ट्यूब सरकून उजव्या ब्रॉन्कसमध्ये (श्वासनळीच्या फाट्यात) गेली असेल, कारण उजवा फाटा रुंद आणि सरळ असतो. डावीकडे ऐकू येत नाही म्हणून स्टेथो बदलत बसू नका. ट्यूबला हात न लावता लगेच डॉक्टरांना बोलवा.